साठ लाखांची गाडी पंधरा लाखांत: सेकंडहँड लक्झरी सेडान घेण्याआधी

आजचा विषय तुम्हीच लावून धरलेला आहे. गेल्या दोन महिन्यांत आलेल्या मेसेजेसमध्ये एकच लिंक वेगवेगळ्या रूपात येतेय. २०१७ ची ३२०डी, साठ हजार किलोमीटर, फर्स्ट ओनर, शोरूम कंडिशन, पंधरा लाख. आणि खाली प्रश्न: "दादा, घेऊ का?"

प्रश्न रास्त आहे. पंधरा लाखांत आज नव्या गाड्यांमध्ये बऱ्यापैकी कॉम्पॅक्ट एसयूव्ही मिळते. त्याच पैशात कुणी बीएमडब्ल्यूची चावी हातात देत असेल तर मन डळमळणारच. मी या गाड्यांच्या विरोधात नाही. एकदा एक्सप्रेसवेला थ्री सिरीज चालवून बघा, मग लोक का वेडे होतात ते कळतं. पण आधी एक सांगून ठेवतो, मी मेकॅनिक नाही. बीटेक आहे, पण कॉम्प्युटरचं. माझ्याकडे एक स्कॅनर आहे आणि लॉग वाचायची सवय आहे, एवढ्या भांडवलावर मित्र मला गाडी बघायला सोबत नेतात. त्या फेऱ्यांमधून जे कळलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट पैशांची, कारण तिथेच बहुतेक लोक चुकतात. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्ट्सची उतरत नाही. साठ लाखांची गाडी आठ वर्षांनी पंधरा लाखांना मिळते, पण तिचा हेडलाइट साठ लाखांच्या गाडीचाच असतो. ॲडॅप्टिव्ह एलईडी हेडलॅम्पचा एक सेट फुटला की लाखाच्या वर बिल जातं. रनफ्लॅट टायर असतील तर चार टायरना साध्या गाडीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट पैसे. म्हणून पंधरा लाखांचं बजेट असेल तर गाडी बारा लाखांचीच बघा आणि तीन लाख बाजूला ठेवा. ते तीन लाख पहिल्या वर्षी गाडीच खाणार आहे, असं धरून चाला. नाही खाल्ले तर गोव्याला जा.

आता हप्ता. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो. पंधरा लाख, १३ टक्के, पाच वर्षं धरलीत तर महिन्याला साधारण ३४,१०० रुपये हप्ता येतो. पाच वर्षांत बँकेला साडेवीस लाखांच्या आसपास परत जातात, म्हणजे व्याजच साडेपाच लाख. आणि ज्या दिवशी शेवटचा हप्ता भराल त्या दिवशी गाडी तेरा वर्षांची असेल. आयटीत सध्या काय चाललंय ते मी तुम्हाला सांगायला नको. नोकरी गेली तर फोन विकता येतो. अर्धा हप्ता फिटलेली, चेक इंजिनचा दिवा लागलेली जर्मन सेडान लवकर विकली जात नाही. माझ्या ओळखीतल्या एकाच्या वडिलांनी रिटायरमेंटच्या पैशातले सात लाख मुलाच्या डाउन पेमेंटसाठी काढायची तयारी केली होती. हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. गाडी स्वतःच्या कमाईवर झेपत असेल तरच घ्या, एवढंच म्हणेन.

भाव करताना एक मुद्दा हाताशी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोठ्या गाड्यांवरचा कर बदलला. आधी लक्झरी सेडानवर २८ टक्के जीएसटी आणि वर २० टक्के सेस होता, आता सरसकट ४० टक्के. त्यामुळे नव्या गाड्या स्वस्त झाल्या. विकणारा जर "नवीन आज ऑन रोड एवढ्याला पडते" म्हणून जुना आकडा फेकत असेल, तर त्याला आजचं कोटेशन दाखवा.

कुठली गाडी? इथे थोडं रमतो, कारण यात आपला घरचा संबंध आहे. मर्सिडीज आपल्या चाकणला जोडली जाते. ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ. आणि याच संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, २०१० साली लोकांनी ग्रुप करून एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, आठवतंय? देशभर बातमी झाली होती. त्यातल्या ज्या अजून रस्त्यावर असतील त्यांची पंधरा वर्षं भरली, म्हणजे आरसीचं नूतनीकरण आलं, फिटनेस तपासणी आली, पर्यावरण कर आला. चार-पाच लाखांत ई-क्लास दिसली की आधी तिची जन्मतारीख बघा.

मॉडेलनुसार काही दुखणी ठरलेली आहेत, ती माहीत असू द्या.

बीएमडब्ल्यू ३२०डी. २०१२ च्या आसपास आलेल्या गाड्यांत एन४७ नावाचं इंजिन आहे. याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, म्हणजे गिअरबॉक्सच्या तोंडाशी आहे. चेन ढिली झाली की खडखड येते, आणि तुटली तर इंजिन गेलं. बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरीच डोळे पांढरे करते. नंतरच्या, साधारण २०१६ पासूनच्या गाड्यांत बी४७ इंजिन आलं, ते बरंच सुधारलेलं आहे. म्हणून "३२०डी" एवढं बघून खूश होऊ नका, कुठलं इंजिन आहे ते विचारा. गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा, आणि तो उत्तम आहे. पण त्यातलं तेल "लाइफटाइम" आहे, बदलायची गरज नाही, असं सर्व्हिसवाले सांगतात. खुद्द झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला म्हणते. गाडी लाखाच्या पुढे गेली असेल आणि तेल कधीच बदललेलं नसेल, तर तो खर्च भावातून कापा.

ऑडी ए४. २०१६ च्या आधीच्या पिढीत टू लिटर डिझेलला मल्टिट्रॉनिक नावाचा सीव्हीटी गिअरबॉक्स येत होता. स्वस्तात दिसणाऱ्या ए४ बहुतेक याच असतात. याचं काम करणारे लोक कमी आणि बिलं मोठी. मी तरी हात लावणार नाही. त्याच पिढीतलं पेट्रोल, १.८ टीएफएसआय, तेल पिण्यासाठी बदनाम आहे. डिपस्टिक बघा, मालकाला सहज विचारा, "दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल टॉप-अप करावं लागतं का?" डिकीत ऑइलचा अर्धा कॅन सापडला तर उत्तर मिळालंच.

स्कोडा सुपर्ब ही लक्झरी म्हणायची का यावर कॉमेंट्समध्ये भांडा. पण पेट्रोल सुपर्बमध्ये सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी होता. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट हा जुना आजार आहे. डिझेलमध्ये सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी होता, तो जास्त भरवशाचा, फक्त त्याचं तेल वेळच्या वेळी बदललेलं हवं.

मर्सिडीज सी २२०डी, २०१४ नंतरची पिढी, या सगळ्यांत त्यातल्या त्यात कमी डोकेदुखीची वाटते. पण एअर सस्पेन्शनवाली मोठी मर्सिडीज घेत असाल तर रात्री उभी करा आणि सकाळी बघा. एक कोपरा बसलेला दिसला तर हवा गळतेय. एकेका कोपऱ्याचं बिल लाखाच्या घरात जातं.

आणि डिझेल घेताना स्वतःचा रोजचा रस्ता आठवा. बऱ्याचशा लक्झरी डिझेल गाड्यांत, आणि २०२० नंतरच्या बीएस६ मध्ये तर हमखास, डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी धरून ठेवणारी जाळी. ती काजळी जळायला गाडी सलग काही वेळ वेगात पळावी लागते. तुम्ही वाकडहून हिंजवडीला जाणार, पाच किलोमीटरला चाळीस मिनिटं. ती जाळी चोंदणारच. काही गॅरेजवाले मग ती कापून काढतात आणि सॉफ्टवेअरमधून सेन्सर गप्प करतात. असली गाडी पळते छान, पण ती बेकायदेशीर आहे, आणि ते कायद्याचं ओझं नव्या मालकाच्या गळ्यात येतं. सायलेन्सरच्या पाइपात बोट फिरवा. डीपीएफ धड असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर प्रश्न विचारा.

बरं, आता कागद. गाडी बघायला जायच्या आधी, घरी बसून, फोनवर. एमपरिवहन ॲपवर किंवा वाहनच्या साइटवर नंबर टाका. नोंदणीची तारीख, कितवा मालक, इन्शुरन्स कधी संपतोय, पीयूसी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बँकेचा बोजा. हायपोथिकेशनच्या रकान्यात बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. "कर्ज केव्हाच फिटलंय हो, नाव काढायचं राहिलं" हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. ठीक आहे, मग आधी काढा, पैसे नंतर. ई-चलनं पण बघून घ्या. लक्झरी गाड्यांवर एक्सप्रेसवेच्या स्पीडची दहा-बारा चलनं सहज निघतात, आणि ती कुणी भरायची हे सौद्याच्या आधी ठरतं.

मग पासिंग कुठलं? एमएच असेल तर प्रश्न कमी. दिल्ली पासिंगची गाडी मात्र इथल्यापेक्षा लाख-दोन लाखांनी स्वस्त का मिळते, त्याचं कारण आहे. २०१५ चा एनजीटीचा आदेश आणि २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा, यांनी दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी केली. पुढे त्यात बरीच ये-जा झाली. २०२५ च्या जुलैत तर जुन्या गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असं ठरलं आणि दोन-तीन दिवसांत ते थांबवलंही. पण त्या टांगत्या तलवारीमुळे तिथल्या सात-आठ वर्षांच्या डिझेल गाड्या बाहेरच्या राज्यांत येतात. गाडी वाईटच असते असं नाही. पण तुमचा हिशेब पूर्ण करा. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. इथे पुन्हा नोंदणी. आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. आपल्याकडे वीस लाखांच्या वरच्या नव्या खासगी डिझेल गाडीला १५ टक्के कर आहे. जुन्या गाडीला वयानुसार तो कमी होतो, पण मोजणी सुरू होते ती मूळ बिलाच्या किमतीपासून, तुम्ही दिलेल्या पंधरा लाखांपासून नाही. तो आकडा आरटीओतून किंवा चांगल्या एजंटकडून आधी काढून घ्या. बऱ्याचदा दिल्लीची स्वस्ताई इथेच संपते. "तशीच चालवा हो, कोण बघतंय" असं सांगणारे भेटतील. कायद्याने दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली की नोंदणी बदलावी लागते.

पुदुचेरी, दमण, झारखंड पासिंगच्या लक्झरी गाड्यांनाही हेच लागू. त्या तिथे फक्त कर वाचवायला नोंदवलेल्या असतात. बीएच सिरीजची असेल तर कर दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो, आणि तुम्ही स्वतः बीएचला पात्र नसाल तर इथला कर भरून नंबर बदलावा लागेल. कंपनीच्या नावावरची गाडी असेल तर कंपनीचं ठरावपत्र आणि सही करणाऱ्याचा अधिकार, हे दोन्ही बघा. अशा गाडीत मागची सीट पुढच्यापेक्षा जास्त दबलेली असते, साहेब मागे बसायचे ना.

आता माझा आवडता भाग. स्कॅन.

प्रत्येक अशा गाडीत स्टिअरिंगखाली ओबीडीचा पोर्ट असतो. हजार-दोन हजारांचा ब्लूटूथ डोंगल लावला की फोनवर इंजिनाचा ईसीयू बोलायला लागतो. बहुतेक लोक फक्त एरर कोड बघतात, काही नाही दिसलं की खूश. अरे, पण कोड पुसायला एक बटण पुरतं. विकणाऱ्याने सकाळीच पुसले असतील तर? इथे लॉग वाचायची सवय कामाला येते. कोड पुसता येतात, पण पुसल्याची खूण राहते. स्टँडर्ड ओबीडीमध्ये एक आकडा असतो, "कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर". तो उघडा. गाडी साठ हजार चाललीय आणि हा आकडा ११ किलोमीटर दाखवत असेल, तर आज सकाळीच कुणीतरी पाटी कोरी केलीय. दुसरी खूण रेडिनेस मॉनिटर. गाडी स्वतःच्या काही चाचण्या चालता चालता घेते, आणि कोड पुसले की त्या सगळ्या "अपूर्ण" होतात. पुन्हा पूर्ण व्हायला थंड स्टार्ट, शहर, हायवे असं काही दिवसांचं चालणं लागतं. बॅटरी काढली तरी हे होतं, त्यामुळे लगेच चोर चोर ओरडू नका. "बॅटरी नवीन टाकली" असं कुणी म्हणालं तर बॅटरीचं बिल मागा. खरंच टाकली असेल तर बिल असतं.

असा एक किस्सा झालाय. मित्रासोबत पिंपरीच्या पुढे एका डीलरकडे सी-क्लास बघायला गेलो होतो. चकचकीत गाडी, डॅशबोर्डवर एक दिवा नाही. अंतर निघालं ४ किलोमीटर. आम्ही काहीच बोललो नाही, फक्त म्हटलं, लांबची ट्रायल हवी. लोणावळ्याच्या दिशेने निघालो. बावीसाव्या किलोमीटरला चेक इंजिन लागलं, कोड होता डीपीएफचा. डीलरचा माणूस मागे बसला होता, तो म्हणाला, "साहेब, सेन्सर धुळीने होतं." मित्राने टोकन द्यायला आणलेले पन्नास हजार खिशातच राहिले. त्याच गाडीची जाहिरात पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसली, वर लिहिलेलं, "झीरो एरर कोड".

स्वस्त डोंगलची मर्यादा पण समजून घ्या. तो प्रामुख्याने इंजिनाशी बोलतो. गिअरबॉक्स, एअरबॅग, एबीएस, सस्पेन्शन यांचे ईसीयू वेगळे असतात आणि त्यांच्यासाठी त्या त्या कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. जर्मन गाड्यांचं काम करणारं स्वतंत्र गॅरेज शोधा, दोन-चार हजार देऊन पूर्ण स्कॅन करून घ्या, गाडी रॅम्पवर चढवून खालूनही बघायला सांगा. विकणारा "तिकडे नको, आमचाच माणूस बघून देईल" म्हणाला तर नमस्कार करून निघा.

पूर्ण स्कॅनचा दुसरा फायदा म्हणजे मीटर. किलोमीटरचा आकडा फक्त डॅशबोर्डच्या क्लस्टरमध्ये नसतो, इतरही मॉड्यूलमध्ये त्याच्या नोंदी राहतात. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच चाव्यांत सुद्धा तो साठवलेला असतो. मीटर मागे करणारा बहुतेकदा एकाच ठिकाणी हात मारतो. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस बदलला, रेप्लिका बदलायच्या राहिल्या. काही गाड्यांत इंजिन किती तास चाललं तेही दिसतं. किलोमीटरला तासांनी भागा, सरासरी वेग येतो. ताशी १२ आला तर शंका घ्या. अर्थात गाडी कायम पुण्यातच चालली असेल तर १८ खरा असू शकतो, तो वेगळा विषय.

याच्या जोडीला सर्व्हिस हिस्टरी. मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा किंवा त्याच्याकडून चेसिस नंबरवरची पूर्ण नोंद मागवा. २०२२ मध्ये ६१ हजार लिहिलंय आणि आज मीटर ५८ हजार दाखवतंय, असं स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. तिथेच विचारा, एखादा रिकॉल बाकी आहे का. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यात मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडीही होत्या. हे काम कंपनी फुकट करते.

आता पाणी. मला विचाराल तर अपघातापेक्षा पुराची गाडी जास्त वाईट. ठोकलेली गाडी निदान ठोकलेली दिसते. २०१५ ला चेन्नई, २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पुणे, २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा चेन्नई. प्रत्येक वेळी गाड्या बुडाल्या, त्यांचे क्लेम झाले, लिलाव झाले, आणि त्यातल्या काही धुऊनपुसून दुसऱ्या शहरात विकायला आल्या. महागड्या गाड्यांत याचा त्रास जास्त, कारण त्यांचे कित्येक मॉड्यूल आणि वायरिंगचे जोड कार्पेटखाली, सीटखाली, डिकीत असतात. आज गाडी चालते. सहा महिन्यांनी कनेक्टर गंजतात आणि एकेक दिवा लागायला लागतो. पावसाळ्यात खिडक्या आपोआप खाली जायला लागतात, अक्षरशः.

तपासायचं कसं? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग सगळे पुसतात, आत गुंडाळलेला कुणी पुसत नाही, तिथे चिखलाची रेघ दिसते. सीट मागे सरकवून रुळांवर आणि बोल्टवर गंज बघा. डिकीतलं तळाचं झाकण उचला, स्टेपनीच्या किंवा बॅटरीच्या खड्ड्यात गाळ, पाण्याचा डाग. बीएमडब्ल्यूची बॅटरी डिकीतच असते, त्यामुळे तो कोपरा नीट बघा. आणि गाडीत शिरताच अत्तराच्या दुकानात आल्यासारखं वाटलं तर काचा बंद करून एसी बंद ठेवून दहा मिनिटं बसा. कुबट वास वर येतोच.

अपघाताचं पटकन सांगतो. बॉनेट, फेंडर, दरवाजांचे बोल्ट, त्यांच्यावरचा रंग पान्याने खरवडलेला असेल तर ते उघडलेत. काचांवर कोपऱ्यात छापलेली वर्षं एकमेकांशी जुळतात का बघा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालक काटकसरी होता, आणि ती काटकसर फक्त टायरपुरती नसते. रंगाचा एखादा पॅनल पुन्हा केलेला असला तर घाबरू नका, आपल्या शहरांत ओरखडे पडतातच. आतले पिलर आणि पुढची चेसिसची दांडी सरळ असली पाहिजे, तिथे तडजोड नाही.

ट्रायलला जाताना आधी फोन करून सांगा, "गाडी चालू करून ठेवू नका." गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्यांना थंड स्टार्टचा आवाज तुम्हाला ऐकवायचा नाहीये. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. चेनची खडखड, पांढरा-निळा धूर, हे सगळं पहिल्या एका मिनिटात कळतं. मग म्युझिक बंद. आधी ट्रॅफिकमध्ये रांगत चालवा, पहिल्या-दुसऱ्या गिअरला हिसके बसतात का बघा, डीएसजीची लबाडी तिथेच उघडी पडते. मग मोकळा रस्ता. मग एखादा खराब रस्ता, तो शोधावा लागत नाही. खालून टकटक आली तर सस्पेन्शनचे बुश आणि आर्म आले. सगळे मोटर, सगळी बटणं, सनरूफ, सीटची मेमरी, मागचा कॅमेरा, एकेक दाबून बघा. विकणारा कंटाळला तरी चालेल.

सौदा ठरला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि त्यांवर तारीख. कोऱ्या फॉर्मवर सही घेणारा आणि देणारा दोघंही अडकतात. गाडी राज्यातलीच असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. इन्शुरन्स १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करा. थर्ड पार्टी विमा गाडीसोबत येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाव बदलेपर्यंत अडतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही, म्हणून प्रीमियम वाढलेला दिसेल. इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर घ्याच. साचलेल्या पाण्यात गाडी घातली आणि इंजिनाने पाणी ओढलं, तर साध्या पॉलिसीत ते बहुतेकदा बसत नाही.

आणि शेवटचं, जे कुठलाच मेकॅनिक सांगत नाही. या गाड्या इंटरनेटला जोडलेल्या असतात. जुन्या मालकाच्या फोनमध्ये कंपनीचं ॲप असतं, आणि त्याने गाडी आपल्या अकाउंटमधून काढली नाही तर गाडी कुठे उभी आहे ते त्याला दिसत राहतं. काही मॉडेल्समध्ये तर दरवाजे सुद्धा फोनवरून उघडतात. पैसे ट्रान्सफर करायच्या आधी त्याला समोर बसवा, त्याच्या ॲपमधून गाडी काढायला लावा, मग गाडीची स्क्रीन फॅक्टरी रीसेट करा आणि स्वतःचं अकाउंट जोडा. फास्टॅग त्याचा बंद, तुमचा नवा. चाव्या दोन्ही मागा. "दुसरी गावाला राहिलीय" म्हणाला तर नवी चावी बनवायचा आणि जुनी सिस्टममधून बाद करायचा खर्च भावातून कापा. जर्मन गाड्यांची एकेक चावी काही दहा हजारांत जाते.

एवढं करून गाडी घेतलीत तर मला फोटो पाठवा, स्कॅनचा स्क्रीनशॉट पण. लिंक पाठवून "घेऊ का" विचारणाऱ्यांनो, आधी नंबर प्लेट झाकू नका, मग बोलू. पुढच्या भागात सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी आणि तिच्या बॅटरीचं आरोग्य कसं वाचायचं ते बघू. भेटूया.